सोबर्सने सोडलेला डाव: पोर्ट ऑफ स्पेन, १९ मार्च १९६८

वेस्ट इंडीजच्या गारफिल्ड सोबर्सचे आकडे जुन्या क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ असतात. ९३ कसोट्या, ८,०३२ धावा, २६ शतकं, २३५ बळी, १०९ झेल. प्रथम श्रेणीत ३८३ सामने, २८,३१४ धावा आणि १,०४३ बळी. त्याच्या नेतृत्वाचे आकडे मात्र फारसे कोणी सांगत नाही. कर्णधार म्हणून ३९ कसोट्या, त्यांत ९ विजय, १० पराभव, २० अनिर्णित. त्या १० पराभवांपैकी एकाचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटलं आणि ते आजही उतरलेलं नाही. इंग्लंडविरुद्धच्या चौथ्या कसोटीत, शेवटच्या दिवशी, सामना आरामात अनिर्णित राहणार असताना त्याने दुसरा डाव २ बाद ९२ वर सोडला, म्हणजे गडी शिल्लक असताना स्वतःहून फलंदाजी थांबवली. इंग्लंडला २१५ धावा हव्या होत्या, हातात १६५ मिनिटं होती. इंग्लंडने सात गडी राखून सामना जिंकला आणि त्या एका विजयावर मालिकाही.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारा माणूस, कसोटीही तशीच लावून बसला: असा निकाल त्या दिवसापासून दिला जातो. मला तो पटत नाही. त्या दुपारी सोबर्सने दोन निर्णय घेतले होते, एक नव्हे. पहिला चुकला. दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते सोबर्स कर्णधार म्हणून काय होता हे त्या दुसऱ्यातच दिसतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून नीट मांडून बघायला हवं.

मालिका तिथपर्यंत कशी आली

१९६७-६८ च्या हिवाळ्यात कॉलिन कॉड्रीचा इंग्लंड संघ कॅरिबियनमध्ये आला तेव्हा वेस्ट इंडीज जगातला सर्वांत मोठा संघ मानला जात होता. सोबर्सने १९६५ मध्ये फ्रँक वॉरेलकडून कप्तानी घेतली होती. पहिल्याच मालिकेत त्याने ऑस्ट्रेलियाला २-१ ने हरवलं. वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियाकडून जिंकलेली ती पहिलीच मालिका. मग १९६६ मध्ये इंग्लंडला इंग्लंडमध्ये ३-१. त्या मालिकेत सोबर्सच्या ७२२ धावा, २० बळी आणि १० झेल होते. त्याच वर्षाच्या अखेरीला संघ भारतात आला आणि २-० ने जिंकून गेला. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरची कसोटी आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. क्लाइव्ह लॉइडचं पदार्पण, चंद्रशेखरचे सामन्यात ११ बळी आणि अजित वाडेकर नावाच्या डावखुऱ्या मुंबईकराची पहिली कसोटी. वाडेकरचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

म्हणजे १९६८ च्या जानेवारीत सोबर्स तीन मालिका जिंकलेला कर्णधार होता. पण त्याचा संघ आतून झिजत होता. वेस हॉल आणि चार्ली ग्रिफिथ ही वेगवान गोलंदाजांची जोडी वयाने आणि दुखापतींनी थकली होती. कॉनरॅड हंट निवृत्त झाला होता. वॉरेल १९६७ च्या मार्चमध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. १९६२ मध्ये बार्बाडोसला, डोक्याला चेंडू लागलेल्या भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरसाठी रक्त देणारा हाच तो वॉरेल. वेगवेगळ्या बेटांवरच्या खेळाडूंना एका पंगतीत बसवण्याचं काम वॉरेलने केलं होतं, आणि नुसत्या खेळाने ते काम पुढे नेण्याची जबाबदारी आता सोबर्सवर होती. तोवर वेस्ट इंडीज संघराज्य मोडून गेलं होतं. जमैका आणि त्रिनिदाद १९६२ मध्ये स्वतंत्र झाले, गयाना आणि बार्बाडोस १९६६ मध्ये. या सगळ्यांना एकत्र बांधणारं जे थोडंफार उरलं होतं त्यात क्रिकेट संघ सर्वांत मोठा. तिथला कर्णधार सामना हरतो तेव्हा नुसता सामना हरत नाही.

पहिली कसोटी पोर्ट ऑफ स्पेनच्या याच क्वीन्स पार्क ओव्हलवर झाली. इंग्लंडने ५६८ केल्या, वेस्ट इंडीजवर फॉलो-ऑन, म्हणजे लगोलग पुन्हा फलंदाजीला उतरायची वेळ आली. शेवटच्या दिवशी आठ गडी पडले, तेव्हा सोबर्स आणि हॉल यांनी नवव्या जोडीला टिच्चून उभं राहून सामना वाचवला.

दुसरी किंग्स्टनला, आणि या प्रकरणाचं खरं मूळ माझ्या मते तिथे आहे. सबाइना पार्कच्या खेळपट्टीला भेगा पडल्या होत्या. जॉन स्नोने ४९ धावांत ७ बळी घेऊन वेस्ट इंडीजला १४३ मध्ये गुंडाळलं; सोबर्स शून्यावर बाद. पुन्हा फॉलो-ऑन. दुसऱ्या डावात बेसिल बुचरला झेलबाद दिलं तेव्हा प्रेक्षकांतून बाटल्या आल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि खेळ थांबला. गमावलेला वेळ सहाव्या दिवशी ७५ मिनिटं भरून द्यायचा असं ठरलं. इंग्लंडची लय तिथे तुटली. सोबर्सने त्या भेगाळलेल्या खेळपट्टीवर नाबाद ११३ काढल्या आणि मग ९ बाद ३९१ वर डाव घोषित केला. फॉलो-ऑन मिळालेल्या संघाच्या कर्णधाराने समोरच्याला १५९ धावांचं आव्हान दिलं! चेंडू हातात घेऊन त्याने पहिल्याच षटकात सलामीवीर बॉयकॉट आणि कॉड्री दोघांनाही शून्यावर परत पाठवलं. इंग्लंड शेवटी ८ बाद ६८ वर कसंबसं सुटलं. अजून दोन बळी मिळाले असते तर ती कसोटी दंतकथा झाली असती.

किंग्स्टनचा तो डाव सोडणं अगदी रास्त होतं. खेळपट्टी फुटलेली, इंग्लंड हादरलेलं, सोबर्स स्वतः लयीत. पण तिथून त्याच्या मनात एक हिशेब पक्का बसला असावा: या इंग्लंडवर दडपण टाका, ते मागे सरकतात. बार्बाडोसची तिसरी कसोटी निर्जीव गेली. तीन सामने झाले, निकाल एकाचाही नाही. इंग्लंडचे फलंदाज सावकाश खेळत होते आणि त्यांचे गोलंदाज त्याहून सावकाश षटकं टाकत होते. सोबर्सला हे मनापासून खुपत होतं. प्रेक्षक पैसे मोजून येतात ते खेळ बघायला, ही त्याची धारणा आयुष्यभर टिकली. बार्बाडोसच्या बे लँडमध्ये, वडिलांचा समुद्रावर मृत्यू झाल्यावर आईने एकटीने वाढवलेल्या घरातून, गल्लीतल्या क्रिकेटमधून तो आला होता. पहिला प्रथम श्रेणी सामना सोळाव्या वर्षी, १९५३ मध्ये, विजय हजारेंच्या भारतीय संघाविरुद्ध; त्यात डावखुऱ्या फिरकीवर सात बळी. तेव्हा तो फलंदाज म्हणून कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. पाच वर्षांनी त्याच्या नावावर नाबाद ३६५ चा विश्वविक्रम होता. ज्याला मैदानात काहीही अशक्य वाटत नाही, असा माणूस घडला तो असा.

चौथी कसोटी

वेस्ट इंडीजने पहिल्या डावात ७ बाद ५२६ वर डाव सोडला. सीमोर नर्सच्या १३६, रोहन कन्हायच्या १५३. कॉड्रीने १४८ करून उत्तर दिलं. इंग्लंड सुरक्षित वाटत असतानाच सोबर्सने बुचरकडे चेंडू दिला. बुचर फलंदाज, त्याचे लेग-स्पिन म्हणजे वेळ काढायला टाकायचे चेंडू. पण त्याने ३४ धावांत पाच बळी घेतले. त्याच्या अख्ख्या कसोटी कारकिर्दीतले बळी एवढेच, सगळे त्या एका डावात! इंग्लंड ४०४ वर आटोपलं आणि वेस्ट इंडीजला १२२ ची आघाडी मिळाली.

इथवर सगळं ठीक होतं. पण आता सोबर्सच्या हातात गोलंदाज कोण होते ते बघा. हॉल या सामन्यात संघातच नव्हता. ग्रिफिथ पहिल्या डावातच जायबंदी झाला होता आणि दुसऱ्या डावात गोलंदाजी करणार नव्हता. म्हणजे वेगवान मारा म्हणजे सोबर्स स्वतः. बाकी लान्स गिब्ज, जगातल्या सर्वोत्तम ऑफ-स्पिनरांपैकी एक. विली रॉड्रिगेझ आणि बुचर हे लेग-स्पिनर. आणि जोई कॅर्यूसारखे कामचलाऊ हात. कसोटीच्या चौथ्या डावात बचाव करणाऱ्या संघाला उखडायला हा मारा पुरेसा होता. धावा रोखायला मात्र हा मारा तोकडा होता.

पाचव्या दिवशी दुपारी स्टीव्ह कामाचो आणि कॅर्यू यांनी थोड्या धावा जोडल्या, दोन गडी गेले, आणि धावफलक ९२ दाखवत असताना सोबर्सने त्यांना परत बोलावलं. ताशी ७८ धावांची गरज. त्या मालिकेत इंग्लंडने या वेगाच्या आसपासही कधी फलंदाजी केली नव्हती.

त्याच्यापुढे पर्याय कोणते होते? खेळत राहून चहापानापर्यंत सामना झोपवायचा. त्याबद्दल त्याला कोणीही बोल लावला नसता, कारण मालिकेतला शेवटचा, सहा दिवसांचा सामना अजून जॉर्जटाउनला व्हायचा होता. आणखी अर्धा तास खेळून २६०-२७० चं आव्हान ठेवायचं, ज्यात हरण्याची भीती जवळजवळ नाही आणि जिंकण्याची आशाही नाममात्र. किंवा समोरच्याला खरोखर मोह पडेल असं काहीतरी पुढे ठेवायचं. मोह पडला तरच फलंदाज पुढे येऊन मारतील, आणि मारताना चुकतील. लेग-स्पिनरवर विसंबलेल्या कर्णधाराला तिसरा पर्याय सुचणं स्वाभाविक आहे. बुचरने आदल्याच डावात याच खेळपट्टीवर शेपूट गुंडाळलं होतं.

चूक मला इथे दिसते. बुचरला बळी मिळाले ते बचावात गुंतलेल्या, थकलेल्या इंग्लंडकडून. तेच फलंदाज धावांच्या मागे लागले की मनगटी फिरकी दुधारी होते: एक चेंडू फसवतो, पुढचे दोन सीमेपार जातात. बळी पडायला जो वेळ लागतो तेवढ्यात सामना हातून जाऊ शकतो. त्याला लगाम घालायला एका टोकाकडून वेगवान गोलंदाज लागतो, आणि तो नव्हता. किंग्स्टनला सोबर्स स्वतः तो गोलंदाज झाला होता, पण तिथे भेगांनी साथ दिली होती. इथे खेळपट्टीत तसं काही नव्हतं. किंग्स्टनचा धडा पोर्ट ऑफ स्पेनच्या मातीवर लागू करणं, ही माझ्या मते पहिल्या निर्णयातली खरी गफलत. जुगारीपणाचा यात काही संबंध नाही. त्याने हिशेब केला होता, हिशेबातला एक आकडा चुकीच्या सामन्यातून आला होता.

चहापान

बॉयकॉट आणि एड्रिचने सुरुवात सावध केली. ५५ वर एड्रिच रॉड्रिगेझच्या चेंडूवर बाद झाला. चहापानाला इंग्लंड १ बाद ७३. अजून १४२ धावा, दीड तास.

कॉड्री भिडस्त, विचारी, जपून पावलं टाकणारा कर्णधार. पाठलाग करावा की नाही याबद्दल तो साशंक होता. ड्रेसिंग रूममधल्या सहकाऱ्यांनी त्याला आग्रह केला की अशी संधी पुन्हा यायची नाही. तो बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. ज्या कॉड्रीला सोबर्सने किंग्स्टनला शून्यावर परत पाठवलं होतं त्याने इथे ७१ धावा फटकावल्या, आणि बॉयकॉटच्या साथीने दुसऱ्या गड्यासाठी ११८ जोडल्या. बॉयकॉट दुसऱ्या टोकाला एकेरी-दुहेरी पळत राहिला. कॉड्री गिब्जच्या चेंडूवर बाद झाला तेव्हा १७३ झाल्या होत्या. थोड्याच वेळात गिब्जने टॉम ग्रेव्हनीचा त्रिफळा उडवला. १८२ ला तीन. क्षणभर वाटलं असेल की सोबर्सचा डाव लागतोय. पण बॉयकॉट हलला नाही. बेसिल डॉलिव्हेराला घेऊन त्याने नाबाद ८० वर सामना संपवला. वेळ संपायला तीन मिनिटं उरली होती.

दुसरा निर्णय

आता तो दुसरा निर्णय. इंग्लंडने २१५ धावा ५२.४ षटकांत केल्या. म्हणजे वेस्ट इंडीजने पावणेतीन तासांत जवळपास ५३ षटकं टाकली, ताशी १९-२० च्या घरात. आज कसोटीत दिवसाला ९० षटकांची अट असते, ताशी १५. त्या वेगाने १६५ मिनिटांत ४१ षटकं झाली असती. चार धावांच्या सरासरीने इंग्लंड १७० च्या अलीकडेपलीकडे थांबलं असतं आणि सामना अनिर्णित राहिला असता.

त्या काळात आजच्यासारखी दिवसाला इतकी षटकं टाकलीच पाहिजेत अशी सक्ती नव्हती. सामना घड्याळावर चाले आणि घड्याळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराच्या ताब्यात असे. इंग्लंडने त्याच मालिकेत ते वापरलंही होतं. चहापानानंतर कॉड्रीचा रंग दिसला तेव्हा सोबर्सला काय करता आलं असतं? दर चेंडूला क्षेत्ररक्षक हलवायचे. फिरकी थांबवून स्वतः लांब धाव घेऊन ऑफस्टंपच्या बाहेर वेगवान मारा करायचा. बुटाची नाडी बांधायची. सीमेवर सात माणसं पाठवायची. यातलं काहीही नियमाविरुद्ध नव्हतं, आणि त्या काळचे अनेक कर्णधार डोळे मिटून ते करत. अर्धा तास असं केलं असतं तर इंग्लंडला सामना जिंकणं अशक्य झालं असतं, आणि डाव सोडण्याचा निर्णय आज कोणाच्या लक्षातही नसता.

त्याने ते केलं नाही. गिब्ज आणि रॉड्रिगेझ दोन पावलांत चेंडू टाकत राहिले, स्वतःही तो गोलंदाजी करत राहिला. आव्हान दिलं आहे तर समोरच्याला ते पूर्ण करायची खरी संधी द्यायची, हे त्याने शेवटपर्यंत पाळलं. शर्त लावायची आणि हरतोय असं दिसताच पट उधळायचा, हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. सोबर्सची मापं काढणारे पहिल्या निर्णयावर बोट ठेवून थांबतात. माझ्या लेखी त्या पन्नासेक षटकांचा वेग हा कर्णधाराच्या चारित्र्याचा पुरावा आहे, आणि मी तो त्याच्या नाबाद ३६५ इतकाच मोठा मानतो.

याला एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो मला बाजूला सारता येत नाही. सामना सोबर्सच्या मालकीचा नव्हता. मालिका त्याच्या मालकीची नव्हती. त्रिनिदादपासून जमैकापर्यंत ज्या लोकांना एका संघाखेरीज एकत्र यायला दुसरं काही उरलं नव्हतं, त्यांच्या वतीने तो मैदानात उभा होता. स्वतःच्या खेळाडूवृत्तीसाठी त्यांची मालिका पणाला लावायचा अधिकार त्याला कोणी दिला? त्या रात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर लोक हेच विचारत होते. बार्बाडोसचा कप्तान त्रिनिदादच्या मैदानावर सामना देऊन बसला, ही बेटाबेटांतली जुनी ठसठसही त्यात होती. खेळ लोकांसाठी जिवंत ठेवायचा म्हणून डाव सोडला, आणि लोकांनीच तो नाकारला. त्या लोकांची बाजू मला चुकीची वाटत नाही. कर्णधाराने संघाला विश्वासात घेऊन, जोखीम सांगून हा निर्णय घेतला असता तर भार वाटला गेला असता. वॉरेल असता तर त्याने ती बोलणी आधी केली असती, असं मला वाटतं. माणसांना बरोबर घेण्यात तो सोबर्सपेक्षा मोठा होता. सोबर्स स्वतः सगळं करू शकत असल्यामुळे बाकीच्यांना विचारायची सवय त्याला कधी लागलीच नाही. असामान्य अष्टपैलू खेळाडूला कप्तानी देण्यातला हा धोका आहे: संघाच्या उणिवा त्याला दिसत नाहीत, कारण त्या तो स्वतः भरून काढू शकतो असं त्याला वाटत असतं, आणि दहांतल्या सात वेळा ते खरंही निघतं.

जॉर्जटाउन

नऊ दिवसांनी तिथल्या बूर्डा मैदानावर शेवटची कसोटी सुरू झाली. इंग्लंड १-० ने पुढे. सोबर्सने पहिल्या डावात १५२ केल्या; कन्हायच्या १५०. इंग्लंडकडून बॉयकॉटचं शतक आणि टोनी लॉकच्या ८९. हा लॉक मूळ संघात नव्हताच. फ्रेड टिटमसच्या पायाची बोटं बार्बाडोसच्या समुद्रात बोटीच्या पंख्यात सापडून तुटली म्हणून त्याला बोलावलं होतं. दुसऱ्या डावात स्नोने सहा बळी घेतले, एकेक जण जात राहिला आणि सोबर्स दुसऱ्या टोकाला नाबाद ९५ वर अडकला. इंग्लंडपुढे ३०८. गिब्जने त्यांची ५ बाद ४१ अशी अवस्था केली. मग कॉड्री आणि तरुण यष्टिरक्षक अॅलन नॉट पुन्हा उभे राहिले. कॉड्री ८२ वर गेला. नॉट हलला नाही. शेवटचं षटक गिब्जचं, समोर अकरावा फलंदाज जेफ जोन्स, ज्याला बॅट धरता येते असा दावा त्याच्या मित्रांनीही कधी केला नसता. चेंडूभोवती क्षेत्ररक्षकांचं कोंडाळं. जोन्सने सहाही चेंडू पायाने, पॅडने, जमेल त्याने अडवले. इंग्लंड ९ बाद २०६.

सोबर्सने त्या सामन्यात २४७ धावा केल्या आणि दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले. संपूर्ण मालिकेत ५४५ धावा, सरासरी ९० च्या वर. एका माणसाने एका चुकीची याहून मोठी भरपाई केल्याचं मला तरी आठवत नाही. जोन्सचा एक चेंडू बॅटची कड घेऊन शॉर्टलेगच्या हातात गेला असता तर मालिका १-१ झाली असती आणि पोर्ट ऑफ स्पेनचा डाव क्रिकेटला जागवणारा धाडसी डाव म्हणून सांगितला गेला असता. तो गेला नाही. जिंकला तर शहाणा, हरला तर वेडा, हा न्याय सोबर्सलाही चुकला नाही.

पुढची वर्षं

त्या उन्हाळ्यात तो नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला. ३१ ऑगस्टला स्वॉन्झीला माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले. जग त्या वर्षाची आठवण त्यावरून काढतं. कौंटीत तळाशी रेंगाळणारा संघ त्याने चौथ्या क्रमांकावर नेला. पण वेस्ट इंडीजचा कर्णधार म्हणून त्याचं नशीब फिरलं ते फिरलंच. ऑस्ट्रेलियात ३-१ ने हार, न्यूझीलंडला १-१, १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये २-० ने हार. हॉल-ग्रिफिथ संपले आणि त्यांच्या जागी कोणी तयार नव्हतं. १९७० मध्ये तो ऱ्होडेशियात, गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीत, एका स्पर्धेत खेळायला गेला तेव्हा कॅरिबियनमध्ये जो संताप उसळला त्यापुढे १९६८ चा काहीच नव्हता. त्याला मंडळाकडे पत्र लिहून खेद व्यक्त करावा लागला. तिथेही दोष तोच दिसतो. त्याच्या लेखी क्रिकेट म्हणजे क्रिकेट, आणि त्याच्या मागे उभे असलेले लोक त्यात दुसरं काय काय बघतात हे त्याच्या उशिरा ध्यानात येई.

डाव सोडण्याबद्दल मात्र त्याने कधी खेद व्यक्त केला नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, ही त्याची भूमिका म्हातारपणीही बदलली नाही.

आणि मग १९७१ मध्ये वाडेकरचा भारतीय संघ तिथे पोचला. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात वाहून गेला. दिलीप सरदेसाईच्या २१२ च्या जोरावर भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडीजला २१७ मध्ये बाद केलं. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलो-ऑनला २०० लागतात, पण पहिला दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा झाला होता आणि आता १५० पुरेशा होत्या. वाडेकरने सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन फॉलो-ऑन सांगितला, आणि सोबर्स चकित झाला. तो सामना कन्हायच्या नाबाद १५८ ने आणि सोबर्सच्या ९३ ने वाचला. पण दुसरी कसोटी क्वीन्स पार्क ओव्हलवर भारताने सात गडी राखून जिंकली. सलीम दुराणीने लॉइडला आणि सोबर्सला लागोपाठ बाद केलं, सोबर्स शून्यावर. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा तो पहिलाच कसोटी विजय, आणि पुढे त्यावरच मालिका मिळाली.

मालिकेची शेवटची कसोटी पुन्हा त्याच मैदानावर. वेस्ट इंडीजने पहिल्या डावात, योगायोगाने, पुन्हा ५२६ केल्या, सोबर्सच्या १३२. सुनील गावसकरने १२४ नंतर २२० काढल्या. भारत १-० ने पुढे असल्यामुळे वाडेकरला डाव सोडायची गरजच नव्हती. शेवटच्या गड्यापर्यंत भारत खेळत राहिला, ४२७ पर्यंत. वेस्ट इंडीजला २६२ हव्या होत्या, वेळ अडीच तासांच्या आसपास. आव्हान कोणी दिलेलं नव्हतं, तरी सोबर्सच्या संघाने ते उचललं. लॉइडने ६४ मारल्या. गडी पडत गेले तरी मारणं थांबलं नाही, आणि वेळ संपली तेव्हा वेस्ट इंडीज ८ बाद १६५ वर होतं, दोन गडी हातात ठेवून.